इन्स्ट्रुमेंटेशन सोडून कॉम्प्युटर घ्यायचं का?

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र: मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन (कारखान्यातली मोजमापाची उपकरणं) डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ८१ टक्के आहेत. ट्रेनिंगमध्ये गॅस टर्बाइनचे सेन्सर पाहिल्यापासून ‘मला यातच काम करायचंय’ म्हणते. ‘आम्ही तिला डिग्रीच्या थेट द्वितीय वर्षाला कॉम्प्युटरच घ्यायला लावणार आहोत. तापलेल्या मशीनपाशी मुलीचं काय काम? आणि सेन्सर म्हणजे शेवटी एक तार. पुढचं सगळं एआय करणार. तिला समजवाल का?’

नाही, समजावणार नाही.

तुमच्या पत्रात तिचे टक्के आहेत, शेजारच्या मुलाचं पॅकेज आहे, तुमच्या साहेबांचं मत आहे. त्या ट्रेनिंगमध्ये तिला नेमकं काय आवडलं, हे कुठेच नाही. तुम्ही ते विचारलंच नसावं, आणि मला काळजी त्याची वाटते. विसाव्या वर्षी एखाद्या मुलीला आपलं काम इतकं नेमकं सांगता येतं, आणि घरात त्यावर पहिला शब्द ‘लावणार’ हा येतो! राहिला मशीनचा प्रश्न. टर्बाइन चालू असताना तिच्या बंदिस्त खोलीत कुणालाच जाऊ देत नाहीत, मुलगा असो वा मुलगी. सेन्सर बदलायचं काम बहुतेक शटडाऊनमध्ये, मशीन थंड झाल्यावर, वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) घेऊन होतं. शिफ्ट आणि प्रवासाची चिंता खरी आहे, पण ती तिच्याशी बसून बोला.

आता ‘एक तार’. आधुनिक टर्बाइनच्या तोंडाशी, म्हणजे जळालेला वायू आत शिरतो तिथे, तापमान १४०० अंशांच्या वर असतं. तिथे थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, तापमानानुसार बारीक व्होल्टेज देणारा) फार टिकत नाही, म्हणून एक्झॉस्टला, म्हणजे वायू बाहेर पडतो तिथे, गोल कड्यात अनेक थर्मोकपल लावतात आणि आतलं तापमान त्यावरून हिशेबाने काढतात. समजा, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा ४० अंश कमी दाखवतोय. बर्नरचा नोझल चोंदला, की सेन्सरच बिघडला? लोड बदलून पाहायचं. थंड जागा कड्यावर सरकली तर संशय ज्वलनावर, त्याच थर्मोकपलवर अडून राहिली तर सेन्सरवर किंवा वायरिंगवर. केबल मध्येच शॉर्ट झाली असेल तर तिथे नवा जोड तयार होतो आणि रीडिंग त्या थंड जागेचं येतं. केबलच्या टोकाचं सील गेलं की तारांना वेगळं ठेवणारी आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट हवा शोषते आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवण्याची क्षमता, घसरतो. कुणी कॉम्पेन्सेटिंग केबलऐवजी (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची केबल) साधी तांब्याची वायर जोडली, जंक्शन बॉक्स ६० अंशांवर आणि कंट्रोल रूम २५ वर असेल, तर साधारण ३५ अंश कमीच दिसणार. यातला प्रत्येक आकडा एआयला खरा वाटू शकतो. तो खोटा का आहे, हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो कोडिंगच्या वर्गात तयार होत नाही.

तिचा हट्ट जसाच्या तसा मान्य करा, असंही माझं म्हणणं नाही. फक्त टर्बाइनवर सगळं लावू नये, त्या जागा मोजक्याच असतात. उरणला महानिर्मितीचं गॅस टर्बाइनचं वीज केंद्र आहे, विमान इंजिनांचं संशोधन बेंगळुरूला जीटीआरई या सरकारी संशोधन संस्थेत चालतं. पण हेच कौशल्य रिफायनरीत, खत कारखान्यात आणि तुमच्या दारातल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांतही लागतं. म्हणून डिग्री इन्स्ट्रुमेंटेशनचीच घ्यावी, पायथन सोबत शिकावं. सेन्सर वापरण्यापेक्षा बनवण्यात रस असेल, तर पुढे गेट (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देऊन मटेरियल्सकडे वळावं. साध्या पिझो सिरॅमिकचे (दाब पडला की वीज देणाऱ्या पदार्थाचे) व्हायब्रेशन सेन्सर साधारण ३५० अंशांपाशी आपला गुणच गमावतात. त्याहून गरम जागी काय टिकेल, हा मटेरियलचा प्रश्न आहे.

थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून होतो. ऑप्शन फॉर्म तिला भरू द्या. त्याआधी एका रविवारी ‘के’ टाइप थर्मोकपलच्या वायर आणून तिला दोन जोड करायला सांगा: एक बर्फाच्या पाण्यात, दुसरा उकळत्या पाण्यात. मल्टिमीटरवर साधारण ४.१ मिलीव्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर ती कारण कशी शोधते, हे शेजारी बसून बघा, आणि मग मला पुन्हा लिहा. या वेळी तिलाही लिहू द्या.