आयएसएसचे (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे) पॅकेट, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवरचे डिजिटल संदेश, कानाला ऐकू येतात, पण लॅपटॉपच्या साऊंडकार्डवर एकही डिकोड होत नाही. अँटेना बदलू का?

नका बदलू. १४५.८२५ मेगाहर्ट्झवरची पॅकेटची घरघर हँडीच्या (हातातल्या रेडिओच्या) स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येतेय ना? मग अँटेनाने तिचं काम केलंय. गाडी अडलीय ती स्पीकरच्या पुढे. "आधी अँटेना बदल" हे मी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

आमच्या ओळखीत एक ज्येष्ठ ओएम ('ओल्ड मॅन', हॅम मंडळींचं आपुलकीचं संबोधन) आहेत. माणूस मोठा, मोर्स मी त्यांच्याकडेच शिकलो. पण साऊंडकार्ड म्हटलं की त्यांचं एकच पालुपद: "अरे, ही खेळणी झाली. टीएनसी घे, नाहीतर यागी तरी मोठी लाव." टीएनसी म्हणजे पॅकेट उलगडणारा वेगळा डबा, यागी म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना. मी तेव्हा गच्चीवर तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी हातात धरून उभा राहायचो. पास (स्थानकाची आकाशातली फेरी) डोक्यावरून जायचा, आवाज खणखणीत, डायरवुल्फ (साऊंडकार्डवरून पॅकेट उलगडणारं सॉफ्टवेअर) मात्र ढिम्म. ओएमना आयताच मुद्दा मिळाला.

मग एक पास नुसता रेकॉर्ड केला आणि ती वेव्ह फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितली. प्रत्येक पॅकेटची सुरुवात ठसठशीत, आणि लगेच पुढचा भाग खाली बसलेला. आकाशातला सिग्नल दर पॅकेटला असा ठरवून पडत नाही. हा उद्योग लॅपटॉपचा होता. माइकच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन चालू होतं. मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज दाबायला ते असतं. १२०० आणि २२०० हर्ट्झमध्ये उड्या मारणारा पॅकेटचा सूर त्याला माणसाचं बोलणं वाटत नाही, म्हणून तोही दाबतं. सगळ्या एन्हान्समेंट बंद केल्या, ऑटो गेन काढला, माइक बूस्ट शून्यावर आणला. पुढच्याच पासला स्क्रीनवर आरएस०आयएसएस, म्हणजे स्थानकाचं कॉलसाइन. यागी तीच, केबल तीच. ओएमना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "पास चांगला असेल."

कानाला ऐकू येणं हा लॅपटॉपपर्यंत पॅकेट धड पोचल्याचा पुरावाच नव्हे. कान तुटलेलं जोडून घेतो. साध्या एएक्स.२५ मध्ये (पॅकेटच्या नियमावलीत) एक बिट चुकला की एफसीएस (शेवटचा तपासणीचा आकडा) जुळत नाही आणि अख्खी फ्रेम (ते पॅकेट) कचऱ्यात जाते. तुमचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी सोय) शून्यावर आहे ना? हँडीचा बॅटरी सेव्हर (रिसीव्हरला मधूनमधून झोपवणारी सोय) बंद? नसेल तर पॅकेटचं तोंडच कापलं जातंय. हँडीच्या हेडफोनची पिन थेट लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमध्ये खुपसली असेल तर सिग्नल चेपला जात असणार. मध्ये १० के आणि १ के (किलोओहम) रेझिस्टरचा डिव्हायडर, म्हणजे सिग्नल कमी करणारी जोडणी, टाका, आणि जॅकवर डीसी व्होल्टेज असतं म्हणून एक कपॅसिटरही. डायरवुल्फमध्ये ऑडिओ लेव्हल ५० च्या आसपास ठेवा. पासच्या सुरुवातीला डॉप्लरमुळे (स्थानक जवळ येत असतं म्हणून) सिग्नल साधारण ३.५ किलोहर्ट्झ वर असतो, तेव्हा १४५.८२७५ वर थांबा, शेवटी १४५.८२२५ वर.

राहिला टीएनसी. स्पीकरच्या आवाजात डीएम्फसिसमुळे (रेडिओ उंच सूर मुद्दाम दाबतो) २२०० चा सूर १२०० पेक्षा पाचेक डेसिबलने दबलेला असतो. जुन्या टीएनसीतली टीसीएम३१०५ सारखी चिप या फरकाप्रमाणे स्वतःला जुळवून घेत नाही. डायरवुल्फ तोच आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या पातळ्या लावून तपासतो आणि एक जरी जुळली तरी फ्रेम पकडतो. मग खेळणं नक्की कोणतं?

हं, रबर डकवर (हँडीसोबतच्या आखूड अँटेनावर) क्षितिजालगतचे पास धरायचे असतील तर अँटेना लागेलच, ते मी नाकारत नाही. चार्जर लावल्यावर गुणगुण येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. आणि स्पेसवॉक असेल तेव्हा स्टेशनवरचा हॅम सेट सहसा बंद ठेवतात, त्या दिवशी उगाच सेटिंग बदलत बसू नका.