वाचक विचारतात: टेक्सोमाचा स्ट्रायपर, एप्रिल की मे?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही टेक्सासात प्लेनोला राहतो, एप्रिलमध्ये रायगडहून आईबाबा येतायत. बाबांचं अख्खं आयुष्य खाडीकाठी गेलंय, इथे आले की चार दिवसांत कंटाळतात. त्यांना टेक्सास-ओक्लाहोमाच्या हद्दीवरच्या लेक टेक्सोमा तलावावर स्ट्राइप्ड बास (म्हणजे स्ट्रायपर मासा) धरायला न्यायचं डोक्यात आहे. बोट नाही, मुलं ७ आणि ११ वर्षांची. तारीख कुठली धरू, गाईड घेऊ का, लायसन कोणाकोणाला लागतं?
– एक वाचक, प्लेनो

उत्तर: बाबांना घेऊन जाताय हे वाचून फार बरं वाटलं. पहिलं सांगतो, तारीख कॅलेंडर बघून पक्की करू नका, पाणी किती तापलंय ते बघा. वसंतात या माशाचं सगळं वेळापत्रक पाण्याच्या तापमानावर चालतं. मार्चमध्ये पाणी थंड असतं, मासा खोलात असतो, शॅड नावाच्या छोट्या चंदेरी माशांच्या थव्यांमागे फिरतो, आणि तो कुठे आहे ते सीगल पक्षी दाखवतात, जिथे ते घिरट्या घालून पाण्यावर झेपावतायत तिथे खाली काहीतरी चाललेलं असतंच. मग पाणी ६० ते ६८ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण १६ ते २० सेल्सियस झालं की मोठे मासे अंडी घालायला रेड नदी आणि वॉशिटा नदीत वर चढतात. हे बहुतेक एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं, पण थंडी लांबली की सगळंच पुढे सरकतं.

बाबांना एक गोष्ट नक्की सांगा, त्यांना आवडेल. आपला जिताडा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे जातो. स्ट्रायपरचं बरोब्बर उलटं, हा मूळचा अटलांटिक समुद्रातला मासा आणि अंडी घालायला नदीत चढतो. त्याची अंडी दोनेक दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, पाणी थांबलं की ती तळाला गाळात बसतात आणि मरतात, म्हणून अमेरिकेतल्या बहुतेक तलावांत हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) पिल्लं आणून पुन्हा पुन्हा सोडावी लागतात. टेक्सोमात तशी गरज पडत नाही. हा तलाव ज्यामुळे झाला ते डेनिसन धरण १९४४ मध्ये पूर्ण झालं, १९६० च्या दशकात इथे स्ट्रायपर सोडायला सुरुवात झाली, आणि वर दोन लांबलचक नद्या मोकळ्या वाहत असल्यामुळे तो इथे स्वतःच वाढायला लागला. त्यात रेड नदी वरच्या भागातल्या मिठाच्या थरांमधून खारटपणा घेऊन येते, त्यामुळे टेक्सोमाचं पाणी इतर तलावांपेक्षा जरा खारंच आहे. खाडीतल्या माणसाला हे सांगितलं की तलाव लगेच ओळखीचा वाटेल बघा.

आता तुमच्यासाठी, मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर आहेत तर मी एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य धरीन. मोठे मासे नदीतून खाली परतत असतात, भुकेले असतात, सकाळी वर येऊन शॅडवर तुटून पडतात, पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं आणि मुलांना ते डोळ्यांनी बघता येतं. मार्चच्या गारठ्यात खोल पाण्यात गळ सोडून बसायला अकरा वर्षांच्या मुलाचा धीर सुटतो.

पण एकच दिवस ठरवून जाऊ नका. वसंतात तिथे वारा भयंकर असतो, दक्षिणेचा वारा दिवसभर वाहिला की उघड्या पाण्यावर लाटा उठतात, उत्तरेचा किनारा तर पार खवळतो, आणि मध्येच थंड हवेची लाट (फ्रंट) आली की वारा एकदम उलटा फिरतो. त्याच दिवसांत वादळांचाही मोसम असतो. नॅशनल वेदर सर्व्हिसची विंड अ‍ॅडव्हायझरी (जोरदार वाऱ्याचा इशारा) असेल तर गाईड स्वतःच ट्रिप रद्द करतो आणि तो बरोबरच करतो, त्याच्याशी वाद घालू नका. शुक्रवारी रात्री पॉट्सबरो किंवा पलीकडे ओक्लाहोमात किंगस्टनला केबिन घ्या, शनिवार ठरवा, रविवार मोकळा ठेवा. प्लेनोहून ७५ नंबरने गेलात की साधारण तासाभराचा रस्ता, तरी पहाटे घरून निघू नका, खरी मजा पहिल्या उजेडात असते, ती गाडीत घालवू नका.

गाईड घ्याच. बोट, रॉड, आमिष सगळं त्याचं असतं, साधारण अर्ध्या दिवसाची ट्रिप, परत आल्यावर मासे साफ करूनही देतात, वर टिप द्यायची पद्धत आहे. बुक करताना तीन गोष्टी विचारा, वाऱ्याने रद्द झालं तर ॲडव्हान्सचं काय, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का (तेरा वर्षांखालच्या मुलांनी छोट्या चालत्या बोटीत ती घालणं दोन्ही राज्यांत सक्तीचं आहे), आणि जिवंत शॅडवर धरणार की नकली आमिषावर. जिवंत शॅड असेल तर गाईडला विचारून बाबांना पहाटे त्याच्याबरोबर पाठवा, कारण तो शॅड पाग (फेकायचं जाळं) टाकूनच धरतो, आणि पाग टाकणारा माणूस कुठल्याही देशात बाबांना परका वाटणार नाही.

लायसनचं नीट वाचा. तलाव दोन राज्यांत आहे, आणि हद्द रेड नदीच्या जुन्या पात्राच्या दक्षिण काठाने जाते, म्हणजे तलावाचा मोठा भाग ओक्लाहोमात पडतो. नुसतं टेक्सासचं लायसन असेल तर टेक्सासच्याच पाण्यात धरता येतं, आणि मासा काही हद्द बघून फिरत नाही. म्हणून लेक टेक्सोमाचं वेगळं लायसन मिळतं ते काढा, ते दोन्ही बाजूंना चालतं आणि बाहेरच्या पाहुण्यांनाही मिळतं. तुमच्या मुलांना लागणार नाही. आईबाबांपैकी जो रॉड हातात घेणार त्याला हवंच, "बाबांनी फक्त दोन मिनिटं धरला होता" हे गेम वॉर्डनपुढे (लायसन तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) चालत नाही. नुसतं बोटीत बसून बघणाऱ्याला लागत नाही.

प्रश्न: दादा, मित्राची बोट आहे, आम्ही गाईडशिवाय जाणार. सामान काय घेऊ? आणि स्ट्रायपरची गाबोळी (पोटातली अंडी) मिळेल का, आई खूश होईल!
– एक वाचक, अर्व्हिंग

उत्तर: सामान फार नको. सात फुटी मीडियम हेवी रॉड, ४००० साइजचं स्पिनिंग रील, १५ ते २० पौंडाची लाईन. पांढरं नाहीतर पोपटी, चार-पाच इंची रबरी मासोळीचं आमिष, अर्ध्या ते एक औंसाच्या जिग हेडवर (वजन लावलेल्या गळावर). मेमध्ये पहाटेसाठी एखादा पाण्यावर उड्या मारत येणारा टॉपवॉटर ठेवा. आमिष माशाच्या जरा वरच ठेवा, स्ट्रायपर वर बघून हल्ला करतो, खाली गेलेल्या आमिषाकडे तो सहसा वळत नाही. आणि मासे वर उसळले की बोट त्यांच्यात घुसवू नका प्लीज, सगळा थवा खाली जातो आणि आजूबाजूच्या चार बोटींचाही दिवस वाया जातो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांबून जा, इंजिन बंद करा, वाऱ्यानेच वाहत या.

निघताना बोटीतलं सगळं पाणी काढा, लाइव्हवेलमधलं (जिवंत मासे ठेवायच्या टाकीतलं), तळातलं, सगळं. २००९ मध्ये टेक्सासात झेब्रा मसल (उपद्रवी छोटे शिंपले) पहिल्यांदा सापडले ते याच तलावात, त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बादलीभर पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात. टेक्सासात पाणी काढणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

गाबोळीचं मात्र मनापासून सांगतो, त्यासाठी मोठी मादी मारू नका. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, माशाला अंडी घालायला वेळ मिळतो. टेक्सोमात स्ट्रायपरसाठी बंदीचे महिने नाहीत, तिथे सगळी भिस्त आकड्यांवर आहे, दिवसाला माणशी १० मासे आणि त्यातले फक्त दोनच २० इंच किंवा त्याहून मोठे (यंदाचा नियम निघण्याआधी तपासा). कायद्याने दोन मोठे नेता येतात हे खरं, पण हॅचरीशिवाय चालणाऱ्या तलावात वसंतातल्या एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात आणि पुढची कितीतरी वर्षं त्यावर उभी असतात. पाणी थंड असेपर्यंत सोडलेला मासा जगण्याची शक्यता चांगली असते, ओल्या हातांनी धरा, पटकन फोटो, पटकन पाण्यात. खायला पंधरा-अठरा इंची मासेच चविष्ट असतात, आईला ते न्या.

प्रश्न: मागच्या वर्षी आणलेल्या स्ट्रायपरला उग्र वास आला, घरी कोणी खाल्ला नाही. मालवणी पद्धतीने करता येतो का?
– एक वाचक, फ्रिस्को

उत्तर: येतो, आणि मस्त होतो. वास बहुतेक कातडीखालच्या लालसर पट्ट्याचा असतो. कातडी काढा, तो पट्टा सुरीने पूर्ण खरवडून काढा, आत पांढरंशुभ्र मांस राहतं. दुसरं म्हणजे मासा धरल्या धरल्या रक्त काढून बर्फात घाला, बर्फ आणि पाणी एकत्र असलं की लवकर गार होतो. तुकड्यांना मीठ, हळद, आगळ, आलं-लसूण, मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवा, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर परता. तुकडा जाड असतो तर आच मध्यम ठेवा. गाईड साफ करतो तेव्हा डोकी आणि मधले काटे फेकू देऊ नका, मागून घ्या, तिरफळ घालून त्याचं कालवण करा. फिलेचं कालवण केलंत तर मासा रश्शात सुटून जातो.

प्रश्न: बोट परवडत नाही, काठावरून मिळेल का?
– एक विद्यार्थी, डेंटन

उत्तर: मिळेल. आयझेनहॉवर स्टेट पार्कच्या काठावरून सकाळी लवकर प्रयत्न करा, वारा किनाऱ्याकडे येत असेल तर शॅड काठाला ढकलले जातात आणि मागोमाग स्ट्रायपर. धरणाच्या खाली रेड नदीतही खूप लोक उभे असतात, पण तिथे वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी झपाट्याने चढते, म्हणून पाणी सोडायचं वेळापत्रक बघूनच जा, मध्ये खडकांवर जाऊन उभं राहू नका, एकटे तर नाहीच. आणि धरणाखालचे नियम तलावापेक्षा वेगळे असू शकतात, ते वेगळे वाचून घ्या.