वाचक विचारतात : फुटपाथ असून रस्त्यावरून का चालायचं?

प्रश्न : आमच्या गल्लीत नवा फुटपाथ झाला, तरी सगळे रस्त्यावरूनच चालतात. सासूबाई म्हणतात, "त्या चढउतारानं गुडघे जातात." लोकांना सवयच नाही, असं समजायचं का?

सासूबाईंचं बरोबर आहे. गल्लीतली गेटं मोजून बघा. शंभर मीटरमध्ये आठ गेटं असतील, तर फुटपाथ आठदा 15 सेंटिमीटर उतरतो आणि आठदा चढतो. काठी टेकत चालणारं माणूस दुसऱ्या गेटाशीच रस्त्यावर उतरतं आणि मग पुन्हा वर येत नाही. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल, तर विचारायलाच नको.

चूक आराखड्यातच असते. गाडीला सपाट जाता यावं म्हणून फुटपाथ खाली दाबतात. करायचं याच्या उलट. फुटपाथ गेटासमोरूनही त्याच पातळीत सलग न्यायचा आणि चढायचं ते गाडीनं. रस्त्याच्या कडेला, दिव्याचे खांब आणि झाडं असतात त्या पट्ट्यात, 50 ते 60 सेंटिमीटरचा आखूड उतार दिला की मोटार सहज वर येते, आणि वेगही आपोआप कमी होतो. फुटपाथची उंची मुळात 15 ऐवजी 10 सेंटिमीटर ठेवली, तर काम आणखी सोपं होतं.

दोन गोष्टी मात्र आधी बघा. सोसायटीचं आवार रस्त्याच्या पातळीला असेल, तर उंच फुटपाथवरचं पावसाचं पाणी थेट आत शिरेल. त्यासाठी गेटाच्या रेषेत लोखंडी जाळीची गटार हवी. ती कामाच्या अंदाजपत्रकातच धरून घ्या, कारण पहिल्या पावसात पाणी आत आलं की सोसायटीच फुटपाथ फोडायला लावते. दुसरं, गेटासमोर 80 मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक लागतात. बाकी फुटपाथला 60 पुरतात. तेच 60 चे गेटासमोर लावले, खालची खडी नीट दाबली नाही आणि वर वाळूचा जाड थर टाकला, की वर्षभरात चाकोरी पडते. मग तिथे पाणी साचतं आणि माणसं पुन्हा रस्त्यावर येतात.

रुंदीचंही मोजमाप आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणे किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच जागा पूर्ण मोकळी हवी. टेप कंपाउंडच्या भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत धरू नका. विजेचा डीपी बॉक्स आणि भिंत यांच्यामध्ये धरा. माणसाला चालायला मिळते ती तेवढीच जागा.

प्रश्न : चौकातला रस्ता ओलांडताना हिरवा माणूस मध्येच लाल होतो. वडील 78 वर्षांचे आहेत. तक्रार काय करू?

आकडे घेऊन जा. रस्ता 14 मीटर रुंद असेल, तर सेकंदाला 1.2 मीटर या हिशेबानं 12 सेकंद लागतात. सिग्नल बहुधा याच हिशेबावर लावलेला असतो. पण वयस्क माणूस 0.8 मीटरनं चालतं, म्हणजे साडेसतरा सेकंद. तुम्ही घड्याळ लावून वेगवेगळ्या वेळी दहा फेऱ्या मोजा आणि रस्त्याची रुंदी, मिळणारे सेकंद, लागणारे सेकंद एका कागदावर मांडा. सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलिसांकडे आणि पट्टे, दुभाजक यांसाठी महापालिकेकडे, असे दोन स्वतंत्र अर्ज करा. एकच केला तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

सेकंद वाढत नसतील, तर अंतर कमी करायला सांगा. कोपऱ्याची गोलाई लहान केली की फुटपाथ पुढे येतो, ओलांडायचं अंतर दोन-तीन मीटरनं घटतं आणि डावीकडे वळणारी वाहनंही हळू होतात. दुभाजकात थांबायला जागा हवी असेल, तर ती ओलांडायच्या दिशेनं किमान 1.2 मीटर आणि रस्त्याच्या पातळीला हवी. दीड फूट रुंदीच्या दुभाजकावर नातवाचा हात धरून उभं राहणं म्हणजे दोन्हीकडच्या बसच्या मध्ये उभं राहणं.

प्रश्न : फुटपाथवर स्कूटर येतात म्हणून खांब लावले, पण आता चाकाची खुर्ची जात नाही.

खांबांमध्ये किमान 90 सेंटिमीटर मोकळे हवेतच. तेवढ्यातून स्कूटरही जाते, हे खरं आहे. म्हणून सगळी भिस्त खांबांवर ठेवू नका. स्कूटर बहुतेक वेळा उलट्या दिशेनं, पुढचा लांब वळसा टाळायला येते. दुभाजकातली वळायची जागा कुठे आहे ते बघा. ती फार लांब असेल, तर खरी दुरुस्ती तिथे आहे. खुर्ची अडवून स्कूटर अडवणं आम्हाला मान्य नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अडथळामुक्त फुटपाथ हा संविधानाच्या कलम 21 खालचा हक्क मानला आहे, आणि त्यात अपंग व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख आहे. अर्जात हे लिहा.

प्रश्न : दिवे आहेत, तरी संध्याकाळी फुटपाथवर अंधार का?

दिवे रस्त्यासाठी नऊ-दहा मीटर उंचीवर असतात आणि झाडांचा पसारा त्यांच्या खाली. फुटपाथसाठी त्याच खांबावर चार-साडेचार मीटरवर दुसरा दिवा बसवता येतो. झाड तोडायची गरज नाही.