वाचकांचे प्रश्न : बोराइड तेवढेच, मग ताकद वेगळी का?

प्रश्न : टायटॅनियम बोराइड (टायटॅनियम व बोरॉनचे संयुग) मिसळलेल्या टायटॅनियमचे व्हॉल्व्ह मोटारीच्या इंजिनात वापरल्याचे वाचले. मिश्रधातू तोच आणि बोराइडचे प्रमाणही तेवढेच असताना ओतीव, सिंटर केलेल्या (भुकटी न वितळवता तापवून घट्ट केलेल्या) व एक्स्ट्रूड केलेल्या (साच्याच्या छिद्रातून दाबून काढलेल्या) नमुन्यांची ताकद वेगवेगळी का भरते? सिंटरिंगचे तापमान वाढवून ती वाढवता येईल का?
— धातुअभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्ही वाचलेले उदाहरण टोयोटाच्या आल्टेझा या मोटारीचे असावे. तिच्यासाठी १९९८ मध्ये असे व्हॉल्व्ह पावडर मेटलर्जीने, म्हणजे धातूच्या भुकटीपासून, तयार करण्यात आले. टायटॅनियमच्या भुकटीत टायटॅनियम डायबोराइड मिसळून तापवले की दोघांच्या अभिक्रियेतून टायटॅनियम मोनोबोराइड तयार होते आणि त्याचा स्फटिक एकाच दिशेने झपाट्याने वाढत असल्यामुळे धातूत बारीक सुया उगवतात. मिश्रणाच्या प्रमाणावरून फक्त या सुयांचे एकूण आकारमान ठरते. त्या किती जाड होतील, कुठे जमतील आणि कोणत्या दिशेने वळतील हे प्रक्रियेवर अवलंबून असते, आणि ताकदीतला फरक तिथूनच येतो.

ओतकामात काय घडते ते पाहा. घन टायटॅनियममध्ये बोरॉन जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे धातू गोठताना ते उरलेल्या द्रवात ढकलले जाते आणि सुया धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर गोळा होतात. सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियमच्या परिचित मिश्रधातूत बोरॉन वजनाने सुमारे दीड टक्क्याच्या पुढे गेले, तर बोराइड द्रवातच आधी जन्माला येऊन जाडजूड होते आणि ताण पडताच हेच जाड स्फटिक प्रथम तडकतात. याउलट अवघे ०.१ टक्का बोरॉन ओतीव धातूचे हे स्फटिककण जवळपास दहापट बारीक करते, आणि मला तरी ओतकामातला बोरॉनचा हाच उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो.

भुकटीच्या मार्गात सुयांच्या जागेवर नियंत्रण ठेवता येते. चीनमधील हार्बिनच्या संशोधकांनी टायटॅनियमच्या भुकटीचे शे-दोनशे मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल कण आणि डायबोराइडची काही मायक्रॉनची भुकटी, कण फुटणार नाहीत इतक्या सौम्यपणे घुसळली आणि निर्वातात सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला दाबली. सुया फक्त कणांच्या पृष्ठभागावर उगवल्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार झाली आणि प्रत्येक घराच्या आत मऊ धातू शिल्लक राहिला. जाळीच्या भिंतीत फटी असतील, तर शेजारच्या घरांतला धातू एकमेकांशी जोडलेला राहतो व तडा अडतो. मात्र बोराइड वाढवून भिंत सलग केली, की तिच्याच कडेने तडा धावत सुटतो.

तीच भुकटी जोरात दळली, तर बोराइड सर्वत्र पसरते खरे, पण ताज्या पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटतो, आणि तोही टायटॅनियमची ताकद वाढवतो. शुद्ध टायटॅनियमच्या पहिल्या ग्रेडमध्ये ऑक्सिजनची मर्यादा ०.१८ टक्के आणि किमान ताणसामर्थ्य २४० मेगापास्कल असते, तर चौथ्या ग्रेडमध्ये हेच आकडे ०.४० टक्के आणि ५५० मेगापास्कल असे आहेत. तुटण्यापूर्वीची किमान लांबवाढ मात्र २४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते. म्हणून ऑक्सिजन न मोजता केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवणार नाही, कारण बोराइडच्या खात्यावर जमा झालेली ताकद बरीचशी ऑक्सिजनची असू शकते.

एक्स्ट्रूजनमध्ये उरलीसुरली छिद्रे मिटतात, धातूचे स्फटिककण बारीक होतात आणि सुया धातूच्या प्रवाहाच्या दिशेने वळतात. त्या दिशेने लांबट सुईवर भार चांगला चढतो. आडव्या दिशेने तेवढा लाभ मिळत नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यावरील भार मुख्यतः लांबीच्या दिशेने असल्याने ही रचना त्याला सोयीची ठरते. धातू फार जोराने दाबून काढला तर मात्र सुया मोडून आखूड होतात. लेझरने थर वितळवून केलेल्या त्रिमितीय छपाईत धातू अतिवेगाने थंड होतो. त्यामुळे सुया फारच बारीक मिळतात, पण आत अडकलेले ताण काढण्यासाठी नंतर उष्णतोपचार करावा लागतो.

आता तापमानाविषयी. ते कमी पडले तर डायबोराइड अर्धवट उरते आणि छिद्रेही राहतात, तेव्हा तेवढ्यापुरते वाढवणे योग्यच आहे. त्यापुढे मात्र सुया जाड होतात, टायटॅनियमचे स्फटिककणही फुगतात आणि ताकद उतरू लागते. नमुन्याची घनता मोजा, एक्स-रे विवर्तनाचा (नमुन्यात कोणती संयुगे आहेत ते दाखवणारा) आलेखही काढा. घनता पुरेशी भरली आणि आलेखात डायबोराइडची शिखरे दिसेनाशी झाली, की तापमान तिथेच थांबवा.