हळद्याला बागेत बोलावण्यासाठी संत्री आणि जेली ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये अर्धं कापलेलं संत्रं आणि द्राक्षाची जेली ठेवली की ओरिओल पक्षी येतात, तसं नाशिकच्या बंगल्यात हळद्यासाठी करता येईल का. जेली तर नकोच. संत्रं ठेवून बघायला हरकत नाही, पण त्यावर बुलबुल येतील, हळद्या बहुधा नाही.

कारण ते दोन पक्षी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. अमेरिकेतला बाल्टिमोर ओरिओल इक्टरिडी कुळातला, आपला हळद्या ओरिओलिडी कुळातला. हळद्याला इंग्रजीत ओरिओल म्हणतात. पिवळ्या-काळ्या रंगावरून तिकडे गेलेल्या युरोपियनांनी अमेरिकेतल्या पक्ष्यालाही तेच नाव दिलं, एवढंच. तो अमेरिकेतला पक्षी माणसाने मांडलेल्या ताटलीवर सहज उतरतो. आपला हळद्या बुजरा. गर्द पानांत, वरच्या फांद्यांवर वावरतो, जमिनीवर क्वचितच येतो. आवाज बासरीसारखा स्पष्ट येतो, पण पक्षी शोधता शोधता मान दुखते.

म्हणून त्याचं जेवण झाडावरच हवं. त्याला वड, पिंपळ, उंबराची फळं आवडतात, पण ही झाडं घराच्या भिंतीला लागून लावू नका, मुळं पाया उचकटतात. गल्लीत जुना उंबर असेल तर तो तुटू न देणं हेच मोठं काम आहे. अंगणासाठी माझी पहिली पसंती तुती. फांदी खोचली तरी जगते, लवकर फळते आणि फळं पिकली की पक्ष्यांची रांग लागते. जागा मोठी असेल तर पांगारा किंवा काटेसावर लावा. उन्हाळ्याच्या तोंडाला ती फुलली की हळद्या मधासाठी येतो. पांगाऱ्याच्या फुलात चोच घालून वर काढली की गुलाबी चोचीच्या मुळाशी परागकण चिकटलेले दिसतात, दुर्बीण असेल तर नक्की बघा.

फळांइतक्याच महत्त्वाच्या आहेत अळ्या आणि किडे. पिल्लांना तर तेच लागतं. आंब्यावर दर महिन्याला कीटकनाशक फवारत असाल तर बाकी सगळं करून उपयोग नाही. ही गोष्ट मी सोसायटीच्या माळ्यालाही पुन्हा पुन्हा सांगतो.

पाणी ठेवाच. पसरट मातीचं परळ, दोन बोटं खोल, झाडाच्या सावलीत पण मांजर दबा धरू शकणार नाही असं उंचावर. पाणी रोज बदला. हळद्या भांड्यात फार वेळ बसत नाही. फांदीवरून झेपावतो, पाण्याला छाती लावतो आणि लगेच परत वर जाऊन पिसं झटकतो.

तरीही खायला ठेवायचंच असेल तर पिकलेल्या पपईचा तुकडा उंच फांदीला टोचा आणि संध्याकाळी काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि उंदीर येतात.

आपल्याकडे सोनेरी हळद्या हिवाळ्यात जास्त दिसतो. काळ्या डोक्याचा हळद्या दाट झाडीच्या भागात, कोकणात वगैरे, वर्षभर असतो. विणीचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट. घरटं दुबेळक्यात झोळीसारखं टांगलेलं असतं आणि पुष्कळदा कोतवाल पक्ष्याच्या घरट्याजवळ, कारण कोतवाल कावळ्याला फिरकू देत नाही. त्यामुळे झाडावर कोतवाल बसलेला दिसला, तर छाटणी पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकला.