आंघोळीनंतर डोकं जड होतंय ना? आधी तो गॅस गीझर बंद कर

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. सहावा महिना, भाड्याचा फ्लॅट, शेजारच्या खोलीत रंगकाम, घरमालक पेस्ट कंट्रोल करणार म्हणतोय, डांबरगोळ्या चालतील का, कॉइल लावू का, असे बरेच प्रश्न तू विचारलेस. शेवटी जाता जाता लिहिलंस की रोज आंघोळ झाली की डोकं जड होतं, मळमळतं, तासाभराने बरं वाटतं, आणि डॉक्टर म्हणाल्या अशक्तपणा असेल. खाली एका प्रतिसादात हेही लिहिलंस की बाथरूम लहान आहे आणि आत गॅस गीझर आहे. सगळे रंगावर बोलले. माझी नजर त्या डोकेदुखीवरच अडकली, कारण मीही पाचव्या महिन्यात अगदी हेच सांगत होते आणि मलाही अशक्तपणाच सांगितला होता.

मी डॉक्टर नाही. जे भोगलं आणि नंतर डॉक्टरांना विचारून समजून घेतलं तेवढंच सांगते. सिगारेटचा धूर, मनाने गोळ्या घेणं वगैरे तुला माहीतच असणार, ते सोडून देते.

आमच्याकडे डिसेंबर होता. बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी होती. गार वारा येतो, पोटुशी बाईला बाधेल, म्हणून सासूबाईंनी सांगितलं आणि मी स्वतः त्या पट्ट्यांवर प्लॅस्टिक चिकटवलं. ही माझी चूक, आणि ती मला सगळ्यात महागात पडली. गीझरची ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते. हवा यायला वाट नसेल तर गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या या वायूला तो नसतो.

शंका मला आली नव्हती असं नाही. गीझरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. माणूस आला, नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले नाहीत. "मॅडम, वास येतो का? नाही ना? मग लीक नाही, गीझर ओके आहे." खिडकीवरच्या प्लॅस्टिककडे त्याने मान वर करून पाहिलंही नाही. ज्योत निळी आहे की पिवळी (पिवळी म्हणजे गॅस नीट जळत नाही), हेही नाही. मी पुन्हा फोन करून विचारलं की चक्कर येते, दुसरं काही तपासता येईल का, तर तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. "लीक नाही" याचा अर्थ मी "धोका नाही" असा घेतला आणि अजून नऊ दिवस त्याच बाथरूममध्ये दार लावून आंघोळ केली.

दहाव्या दिवशी आतच कोसळले. नवऱ्याने कडी तोडून बाहेर काढलं म्हणून आज लिहितेय. जवळच्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवला, "बीपी लो झालं असेल" म्हणून घरी पाठवलं. हे नीट लक्षात ठेव: कार्बन मोनॉक्साइड रक्तात असला तरी तो बोटावरचा ऑक्सिमीटर नॉर्मलच आकडा दाखवतो, त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताची कार्बॉक्सीहिमोग्लोबिन नावाची वेगळी तपासणी लागते, आणि तीही लवकर. मोकळ्या हवेत काही तास गेले की आकडा उतरतो. माझं रक्त दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेतलं, तोवर त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण बाळाचं तसं नसतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बाळाच्या रक्तात तो हळू चढतो, आईपेक्षा वरच्या पातळीला जातो, उतरायलाही जास्त वेळ घेतो. म्हणून गरोदर बाईला बरं वाटायला लागलं तरी डॉक्टर ऑक्सिजन पुढे बराच वेळ चालू ठेवतात. मला तो पहिल्या दिवशी मिळालाच नाही. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, ठणठणीत आहे. पण ती बसायला लागेपर्यंत, चालायला लागेपर्यंत, पहिला शब्द बोलेपर्यंत मी प्रत्येक वेळी महिने मोजत होते. ते दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

तेव्हा आजपासून तो गीझर लावू नकोस. "बघू या, उद्या त्रास होतो का" असं तर अजिबात नको. पाणी स्वयंपाकघरात तापव आणि कढत पातेलं दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लाव. पुन्हा डोकं जड झालं, तर लगेच मोकळ्या हवेत ये, तशीच हॉस्पिटलमध्ये जा आणि पहिलं वाक्य हेच बोल: "मी गरोदर आहे, बाथरूममध्ये गॅस गीझर आहे." घरातल्या इतरांनाही डोकेदुखी होत असेल तर तेही सांग. घरमालकाला गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायला सांग, किंवा विजेचा घ्यायला लाव. तोवर घरातल्यांनी वापरलाच, तर दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, हवा खेळू द्यायची आणि मगच आंघोळ. मला स्वतःला हाही मार्ग पटत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो घे. गॅसचा वास आला तर १९०६ नंबर आहे, पण तो गळतीसाठी. हा वायू वासाने कळणार नाही.

आता तुझे बाकीचे प्रश्न. नव्या रंगापेक्षा जुना रंग खरवडताना उडणारी धूळ जास्त वाईट. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्याआधीच्या भिंतीत काय असेल सांगता येत नाही. घासकाम चालू असेपर्यंत माहेरी जा, नंतर दुसऱ्या कुणाकडून ओल्या फडक्याने पुसून घे. झुरळांना फवारणीऐवजी जेल लावायला सांग. डांबरगोळ्या कपाटातून काढूनच टाक. संडास धुताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू देऊ नकोस, क्लोरीन वायू निघतो. कॉइल नको, पण डासांकडे दुर्लक्षही नको. २०२४ मध्ये पुण्यात डासांमुळे पसरणारा झिका हा आजार निघाला तेव्हा त्यात गरोदर बायकाही होत्या, आणि तो डास दिवसा चावतो. जाळ्या बसव, दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लाव.

आणि एक, आत्ताच सांगून ठेवते. बाळंतपणानंतर आई किंवा सासूबाई शेकशेगडी करतील, ओवा-शेपाची धुरी देतील. दारं-खिडक्या लावून, पेटते निखारे खोलीत ठेवून. वायू तोच आहे, आणि त्या वेळी बाळ पोटात नाही, तुझ्या शेजारी दुपट्यात असेल. शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घे. मी माझ्या आईला यावर नाही म्हणाले तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. मी तरी शेगडी आत येऊ दिली नाही.

आज संध्याकाळपर्यंत फक्त "गीझर बंद केला" एवढं इथे लिही. मी बघत राहीन.