आपत्तीची पूर्वतयारी शाळेतून शिकवण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे का, आणि लातूरच्या शाळांना तिचा उपयोग होईल का?

होय, अशी व्यवस्था आहे आणि लातूर-धाराशिवच्या शाळांना तिचा थेट उपयोग करता येतो. जपानमधील कोबे येथे २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत देशांनी स्वीकारलेल्या ह्योगो आराखड्याने, म्हणजे आपत्तींची जोखीम कमी करण्याच्या समान कार्यक्रमाने, ज्ञान व शिक्षण यांना पाच प्राधान्यांत स्थान दिले. २०१५ ते २०३० या काळासाठीचा सेंदाई आराखडा तेच काम पुढे नेतो. शाळांसाठी त्यातून तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: इमारत सुरक्षित असणे, शाळेची स्वतःची आपत्ती व्यवस्थापन योजना असणे आणि धोका ओळखण्याचे शिक्षण अभ्यासक्रमात असणे. माझ्या मते आपल्याकडे सुरुवात दुसऱ्या गोष्टीपासून करावी, कारण शाळा सोडण्याचा मार्ग, एकत्र जमण्याची मोकळी जागा आणि वर्षातून काही वेळा सराव यांना फारसा खर्च येत नाही; १३ ऑक्टोबर या आंतरराष्ट्रीय आपत्ती जोखीम न्यूनीकरण दिनी पहिला सराव घेता येईल. मात्र हे आराखडे देशांवर कायद्याने बंधनकारक नाहीत, आणि केवळ शिक्षण पुरेसेही नाही: ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, तेव्हा माणसे झोपेत होती आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो जण दगावले, म्हणून मुलांच्या सरावाइतकेच घराच्या बांधकामाविषयी पालकांशी बोलणेही आवश्यक आहे.